न वाहून गेलेली जमीन

गंगाखेडहून गोदावरीच्या काठाने खाली पालमच्या अंगाला निघालात की वाटेत एक चढ लागतो. चढ म्हणण्याइतकासुद्धा तो नाही. सायकलवाल्याला त्यासाठी पायडलवर उभं राहावं लागत नाही, बैलांची चाल मंदावत नाही. पण वर पोचून नदीच्या बाजूला गेलात की पाय आपोआप थांबतात, कारण जमीन तिथे एकदम संपते. खाली दोन-तीन पुरुष खोल उभी दरड, तिच्या पायथ्याशी वाळू आणि वाळूपलीकडे उन्हाळ्यात आकसलेली गंगा. इथली माणसं गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. तिच्या दोन्ही काठांचा मुलूख तो गंगथडी.

चैत्र संपत आलाय. सकाळचे नऊ वाजलेत आणि ऊन आत्ताच पाठीला चटके देतंय. दक्षिणेला बालाघाटची बुटकी, निळसर रांग आहे. उत्तरेला नदीपल्याड परभणीपर्यंत सपाट काळी वावरं पसरलीत, धुऱ्यांवर पऱ्हाट्यांचे ढीग आहेत. त्या काळ्या रानाला आता हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्यात. तुमच्या पायांखाली मात्र तशी भेग नाही. इथली माती पिवळट राखाडी आहे, पिठासारखी मऊ. मूठभर उचला. बोटांच्या फटींतून ती सांडून जाते आणि तळहातावर दोन-चार वेडेवाकडे पांढरे खडे उरतात. ते चुनखडे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना माती सुकताना जागच्या जागी गोठतो, त्याच्या या गाठी.

आता कडेला पालथं पडून खाली डोकवा. दरडीच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत आणि त्यांतून वेडे राघू बाणासारखे बाहेर सुटतायत. चोचीने उकरता यावी इतकी ही माती मऊ आहे, आणि उकरलेलं बीळ अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत टिकावं इतकी घट्टही आहे. सुकी असताना चुना तिचे कण धरून ठेवतो, म्हणून दरड सरळ उभी राहते. पाणी आत मुरलं की ती पकड सुटते आणि मग बैलगाडीएवढा लगदा आवाज न करता खाली बसतो.

अशी माती जगात आणखी ठिकाणी आहे, पण ती बहुतेक जागी वाऱ्याने आणलेली. चीनमध्ये ह्वांगहोच्या खोऱ्यात वाळवंटातून उडालेली पिवळी धूळ लाखो वर्षं बसत राहिली आणि तिचं अख्खं पठार झालं. त्या मातीला लोएस म्हणतात. काश्मीरमध्ये पांपोरचं केशर ज्या करेवा नावाच्या उंचवट्यांवर पिकतं, त्यांच्या माथ्यावरही वाऱ्याची माती आहे. गंगथडीची माती नदीने आणलेली. नाशिकपासून खाली, वाटेतल्या साऱ्या काळ्या पाषाणाच्या डोंगरांचा भुगा, प्रवरेने आणि सिंदफणेने आणून दिलेला धरून. पण वागणूक तीच: बारीक कण, चुन्याची पकड, उभ्या दरडी, आतून पोखरणारं पाणी, आणि एकदा ओघळ पडली की दर पावसाळ्यात तिचं तोंड वावरात पुढे पुढे सरकणं.

इथेच उभे राहा. तुम्हाला चालायचं नाही. वर्षंच मागे सरकतील.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायचे आहेत. रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेत. तुमच्या तळपायांना आधी एक घरघर कळते, मग जमीन हलते. तुम्ही उभे आहात त्या टेकाडाच्या पाठीवरच्या गावात कुत्री एकदम ओरडायला लागतात, माणसं पोरांना काखोटीला मारून अंगणात येतात. भिंतींतून माती गळते, भांडी पडतात आणि हादरा जातो. इथे घरं उभी राहतात. दक्षिणेला किल्लारीत आणि सास्तुरात ती उभी राहिलेली नाहीत, हे उजाडल्यावर रेडिओवरून कळणार आहे.

तिथली घरं आणि इथली घरं सारखीच होती. जाड भिंती, दगड मातीत बसवलेले, वर माळवद. लाकडाच्या तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर; या टेकाडाच्या फिक्या मातीला गावात पांढरीच म्हणतात. मिरगाच्या आधी दरसाल आणखी चार पाट्या माती चढवायची, म्हणजे छत गळत नाही. पिढ्यानपिढ्या हे होत आलं. त्या छताखाली वैशाखातसुद्धा दुपार सुसह्य असते. ज्याने माळवदाखाली दुपारची झोप घेतलीय त्याला पत्र्याखाली झोप लागत नाही. पण छतावर साठलेलं ते वजन त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेली. चीनच्या शान्शी प्रांतात १५५६ साली असंच झालं होतं. लोक लोएसच्या दरडीत कोरलेल्या घरांत राहत, भूकंपात दरडी बसल्या आणि तिथल्या नोंदींप्रमाणे आठ लाखांहून जास्त माणसं दगावली. मी मातीला दोष देणार नाही. दगडांना बांधून ठेवणारं काही भिंतीत नव्हतं, दोष तिथे होता. तरी त्यानंतर मराठवाड्यात माळवद बांधायला फारसं कोणी धजलं नाही. पत्रे आले, मग स्लॅब आले, आणि टेकाडावरून टोपल्यांनी माती नेणारी माणसं दिसेनाशी झाली.

आणखी मागे. १९७२. पाऊस आलेला नाही. एकाहत्तरचाही नीट नव्हता. नदीत झिरा खणून बाया वाटीने पाणी भरतायत. टेकाडाच्या उतारावर शंभरेक माणसं रांगेने काम करतायत. पुरुष कुदळीने खणतात, बाया घमेली उचलतात, मुकादम टेप धरून खड्डे मोजतो. एका पोराच्या हातात सुकडीचा पुडा आहे आणि तो कोरडीच चाटतोय. घरी लाल मिलोच्या भाकरी आहेत, आवडत नाहीत तरी खाव्या लागतात. ही दुष्काळी कामं. खडी फोडायची, तळी खणायची, आणि इथे या उतारावर आडवे मातीचे बांध घालायचे. याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. पण या उतारावर घमेलं उचलणाऱ्या बाईला त्या दिवशी तेवढाच हिशोब ठाऊक आहे की संध्याकाळी मजुरी मिळाली तर उद्या चूल पेटेल.

त्या बांधाकडे नीट बघून ठेवा. कमरेएवढा आहे, उताराला आडवा आहे, आणि दोन ओघळींच्या तोंडांच्या वर आहे. ज्याने तो आखला त्याला पाणी कुठून पळतं ते कळत होतं.

१९४८ चा सप्टेंबर. गावाच्या सर्वांत उंच जागी देशमुखाची गढी आहे आणि तिच्या बुरुजावर माणसं रात्रीची जागतायत. रझाकारांच्या धास्तीने आसपासच्या वस्त्यांवरची बायकापोरं आत आणलीत. चार दिवसांत फौजा येतील, १७ तारखेला निजाम शरण जाईल, आणि म्हातारी माणसं पुढे जन्मभर प्रत्येक गोष्ट पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीची की नंतरची असं सांगतील. तुम्ही मात्र हात भिंतीवर ठेवा. खाली काळ्या दगडाचा पाया, आणि त्यावर नुसती माती. बुडाशी भिंत एवढी रुंद की तिच्या पोटात जिना जातो. ही पांढरी माती आहे. काळ्या मातीची अशी भिंत होत नाही. काळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि दोन वर्षांत भिंतीचे तुकडे होतात. ज्या गुणामुळे ती रब्बीच्या ज्वारीला पावसाशिवाय पोसते, त्याच गुणामुळे ती घराला निकामी आहे. म्हणून गंगथडीतल्या माणसाने पहिल्यापासून वाटणी केली. पिकवायचं काळीत, राहायचं पांढरीत. गाव म्हणजेच पांढरी. ते टेकाडावर, पुराच्या रेषेच्या वर, आणि वावरं खाली.

इथून वर्षं झरझर मागे जातात. गढीच्या भिंती खाली खाली येतात. माणसं पायांनी चिखल तुडवतायत, त्यात भुसा मिसळतायत. मग गढी नाहीच. घरं वीस, मग बारा. प्रत्येक पिढीचं घर पडलं की त्याच्याच मातीवर पुढचं बांधलं गेलं, वर चुलीची राख आणि शेण पडत गेलं. म्हणून मागे जाताना गावाची जागाही बसत जाते. टेकाडाचा वरचा काही हिस्सा माणसांनीच रचलेला आहे.

तेराव्या शतकात थोडं थांबा. नदीवर घाट नाही, दरडीत पायांनी पडलेली वाट आहे. बाया भरल्या घागरी घेऊन ती चढतायत, मातीत बोटं रोवत. वरच्या अंगाला गंगाखेडात दमा आणि करुंड यांच्या घरी जनी नावाची लेक आहे असं परंपरा सांगते; ती लवकरच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी कामाला जाईल. दळण, कांडण, पाणी भरणं, शेणी वेचणं हे जे सारं पुढे तिच्या अभंगांत आलं, ते तिने पाहिलं असेल ते आधी अशाच काठावर. धारासूरला गुप्तेश्वराचं मंदिर काळ्या पाषाणात उभं आहे. गंगेच्या काठावर देव दगडात राहतो आणि माणसं मातीत, ही रीत तेव्हाही आहे.

दोन हजार वर्षं. नदीच्या वरच्या अंगाला पैठण गजबजलेलं आहे, दक्षिणेला तेर आहे, आणि या टेकाडावर चार-सहा झोपड्या. एक कुंभार भाजताना फुटलेली मडकी दरडीवरून खाली फेकतो. त्याहून मागे जा, झोपड्याही गेल्या. बोरी, बाभळी, हिवर, पळस, कमरेएवढं गवत आणि त्यात काळविटांचे कळप. मावळतीला कोल्हेकुई. माणसांची चाहूल कुठेतरी दूर, आणि तीही वर्षातून काही दिवस.

आता नदीकडे तोंड करा. या सबंध प्रवासात पाहण्यासारखी गोष्ट ही आहे.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पोचताना काळ उलटा चालला असल्याने पाणी वर यायला लागतं. पूर आलाय म्हणून नव्हे, नदीचा तळच वर येतोय. दरड कंबरेएवढी राहते, मग गुडघ्याएवढी, मग तुमच्या पावलांशी पाणी. ओघळी बुजून जातात. दोन ओढ्यांमधले खळगे भरून येतात. तुमच्या उजव्या-डाव्या हातांना जे लवण होतं ते वर येतं, आणि बघता बघता सगळं एका पातळीत. टेकाड नाहीसं झालं. तुम्ही हललेला नाहीत, खाली आलेला नाहीत, तरी आता तुम्ही मैलच्या मैल सपाट पूरमैदानात उभे आहात आणि गोदावरी तुमच्या शेजारून, अनेक उथळ धारांनी, आळसावून वाहतेय.

म्हणजे टेकाड कधी वर आलंच नव्हतं. सभोवतालची जमीन वाहून गेली आणि हा तुकडा राहिला. गंगथडीतला हा उंचवटा म्हणजे जुन्या मैदानाचा अजून न गेलेला अवशेष आहे. ही गोष्ट समजली की परभणी जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहण्याची नजर बदलते. आपण डोंगराला उंच म्हणतो तेव्हा त्याने काही मिळवलं असं वाटतं. इथे ज्याने सर्वांत कमी गमावलं ते उंच आहे.

असं का झालं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरू यांच्यासारख्या संशोधकांनी दख्खनच्या नद्यांच्या दरडी पायी हिंडून, थर वाचून मांडलं. हिमयुगाच्या शेवटच्या कडाक्यात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, इथे बर्फ नव्हतं, पण मान्सून दुबळा झाला होता. नदीत पाणी कमी आणि डोंगरांवरची झाडोरा विरळ झालेली माती भरपूर. तेवढं ओझं वाहून न्यायची ताकद नदीत राहिली नाही, म्हणून ती ते वाटेतच टाकत गेली. तळ भरत भरत वर आला. मग हवामान पालटलं, मान्सून जोरात परतला, जंगलाने उतार धरून ठेवले, आणि त्या भरल्या अंगाच्या, गाळ कमी असलेल्या नदीने स्वतःच टाकलेला गाळ पुन्हा कापायला घेतला. आजची दरड ही त्या कापणीची आहे.

तुम्ही आता कापणीच्या आधी आहात. पाऊस नाही, आठवडे झाले. पलीकडच्या धारेत पाणी घोट्यापर्यंत आहे. जोराचा वारा सुटतो आणि सुकलेल्या पात्रातून गाळाची धूळ उठून तुमच्यावर येते. डोळे मिटून घ्या. नदीने आणलेल्या मातीत वाऱ्याने केलेली ही थोडीशी भर. चीनच्या पठाराशी या टेकाडाचं असलेलं नातं एवढ्यापुरतं खरं आहे. धूळ खाली बसली की दूर काहीतरी धावताना दिसतं, दोन लांब पायांवर. शहामृग. खोटं वाटेल, पण चाळीसगावजवळच्या पाटणे इथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली आहेत, आणि त्यांतल्या एकावर माणसाने नक्षी कोरलेली होती. महाराष्ट्राच्या कोरड्या माळावर हा पक्षी होता आणि त्याच्या अंड्याच्या कवचावर रेघा ओढायला बसावंसं वाटणारा माणूसही होता.

मागे जाताना आता तुमच्या पायांखालची जमीन दरवर्षी केसाएवढी खाली जाते. नदीने थर टाकले, काळ ते उचलून घेतोय. पिवळा गाळ, मग तांबूस, मग चुनखड्यांचा एक कठीण पट्टा, म्हणजे इथे बरीच वर्षं पूर न येता जमीन नुसती तापत पडली होती. पुन्हा गाळ. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी एके दिवशी आकाश करडं होतं आणि वरून राख पडते. सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखी फुटलाय. त्याची राख समुद्र ओलांडून भारतभर पडली, आणि महाराष्ट्रातल्या नद्यांच्या जुन्या गाळातही तिचे थर सापडले आहेत. गवतावर बसलेली ती राख बोटावर घ्या. काचेच्या बारीक चुऱ्यासारखी टोचते. पहिल्या पावसात ती नदीत जाईल आणि कुठल्यातरी खोलगट जागी साठून राहील.

पायांखाली आता वाळू लागते, मग गोटे. हा नदीचा जुना तळ, टेकाडाचा पाया. पाऊस या काळात बरा आहे. डोहाच्या काठी गवत उंच आहे आणि डोहात पाठीवर पाणी घेऊन काळे, गोलसर धोंडे पडलेत. त्यांतला एक श्वास सोडतो. पाणघोडे आहेत ते. पलीकडच्या काठावर हत्ती उतरतायत, आजच्या हत्तींहून थोराड. रुंद शिंगांचे रानबैल पाण्याशी येऊन अडखळतात, कारण मगर तिथेच आहे. या सगळ्यांची हाडं दगड होऊन गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांच्या गाळात राहिली आहेत. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठच्या हरवाडीला अशा हाडांचा मोठा साठा मिळाला. ते ठिकाण इथून फार दूर नाही, बालाघाट ओलांडला की आलंच.

गोट्यांवर एक माणूस उकिडवा बसलाय. त्याने गारगोटीचा एक गोटा निवडलाय, गुळगुळीत, आत धुरकट. दुसऱ्या गोट्याने तो त्यावर तिरका घाव घालतो. चौथ्या-पाचव्या घावाला पातळ कपची उडते आणि तिची धार तो अंगठ्यावर पाहतो. अशी हत्यारं गोदावरीच्या गाळात एकोणिसाव्या शतकात पैठणजवळच्या मुंगीला सापडली आणि पुढे ह. धी. सांकळिया यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठी त्यांचा काळ लावायला घेतला. या माणसाचं घर कुठे आहे ते दिसत नाही. मात्र बसायला जागा त्याने उंच निवडलीय, डोहातलं जनावर आधी दिसेल अशी.

गोटे संपले की पाषाण. त्यावर पाऊल ठेवताना मधली कोट्यवधी वर्षं गळून जातात, कारण त्यांचं इथे काही उरलेलं नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून शिलारस वर आला आणि पसरला, निवला, त्यावर पुन्हा पसरला. दोन थरांच्या मधे जिथे बराच काळ गेला तिथे वरचा पाषाण कुजून लाल माती झाली, आणि पुढच्या रसाने ती भाजून काढली. विहीर खणणाऱ्याला हा लाल पट्टा ठाऊक असतो. निवताना खडकात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याने गारगोट्या घडवल्या. त्यांचीच कपची त्या माणसाने काढली. आणि हाच पाषाण कुजून काळी माती झाली, त्यातलाच चुना दरडीत चुनखडे होऊन गोठला. गंगथडीतली प्रत्येक मूठ इथून निघाली आहे.

आता परत वर या, आणि सावकाश या, म्हणजे थर पुन्हा चढताना कळतील. गोटे, वाळू, राख, गाळ, गवत, मग दरड कापली जाताना, मग झोपड्या, घागरी, गढी, घमेली. शेवटची पन्नास वर्षं मात्र लक्ष देऊन पाहा, कारण यांत नदीने लाखभर वर्षांत केली नाही अशी गोष्ट घडते. ती काठावर गाळ टाकणं जवळजवळ थांबवते. वर जायकवाडी, सिंदफणेवर माजलगाव, आणि मग खुद्द परभणी जिल्ह्यात ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे एकामागे एक उभे राहतात. पाणी अडलं, ऊस आला, हिरवळ आली. त्या पाण्यासाठी लोक किती वर्षं तरसले ते बहात्तरच्या उतारावर तुम्ही पाहिलं आहे, तेव्हा बंधाऱ्यांविरुद्ध बोलायचा अधिकार मला नाही. पण पाण्याबरोबर गाळही भिंतीमागे बसतो. २००६ च्या ऑगस्टसारखा मोठा पूर आला तरच गंगा काठावर पसरते आणि मागे मळईचा थर सोडून जाते. नव्या मैदानाची भर जवळजवळ बंद झालेली आहे.

आणि नेणं वाढलंय. पात्रातली वाळू हायवांनी जाते, रात्री जास्त. वाळू गेली की दरडीचा पायथा उघडा पडतो आणि पहिल्याच पुरात वरचा भार खाली येतो. वेड्या राघूंची भोकं असलेली भिंत तीन वर्षांपूर्वी जिथे होती, तिथे आता हवा आहे. वरच्या बाजूने जेसीबी लागलाय, कारण हीच माती विटांना चांगली. गंगाकाठच्या भट्ट्यांत ती भाजली जाते आणि तिच्या स्लॅबखालच्या भिंती होतात. वीट पाडणारी कुटुंबं गरीब आहेत, ट्रॅक्टरवाल्याला हप्ता आहे, जमिनीच्या मालकाला त्या उंचवट्यावर तसंही फार पिकत नव्हतं. सगळ्यांची कारणं खरी आहेत. तरी जी माती टाकायला नदीला हजारो वर्षं लागली आणि जी पुन्हा टाकायला आता नदी मोकळी नाही, ती ब्रासच्या भावाने विकली जाते तेव्हा मला ते फार लागतं. गढीही त्यातच गेली. बुरूज पाडून त्याची पांढरी माती खत म्हणून वावरात पसरली. दोन हंगाम पीक जोमात आलं.

वर्तमानाच्या थोडं पुढे चला, येत्या जूनमध्ये. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस. टेकाडाच्या पाठीवर थेंब पडतात तिथे मातीचे बारीक पापुद्रे उडतात, फटींमध्ये पाणी शिरतं, उंदरांच्या बिळांतून आत उतरतं आणि आतल्या आत माती घेऊन दरडीच्या अंगातून बाहेर पडतं. उतारावरून गढूळ पाणी पळत खाली येतं. बहात्तरचा बांध अजून आहे. अंगावर बाभळी आणि तरवड घेऊन तो जागच्या जागी उभा आहे, आणि जिथे तो धड आहे तिथे पाणी त्याला लागून थांबतं, निवळतं, मुरतं. त्याच्याखालची ओघळ गेल्या पन्नास वर्षांत फारशी सरकलेली नाही. पण मध्येच एका ठिकाणी ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून तो फोडलाय, गाडीच्या रुंदीएवढा. सगळ्या उताराचं पाणी त्या फटीकडे वळतं, तिथून जोराने घुसतं, आणि दुसऱ्या ओघळीचं तोंड तुमच्या देखत हातभर मागे सरतं. वाट थोडी वरून वळवता येते, तिथे जमीन सपाट आहे. फट बुजवायला दोन माणसं, एक बैलजोडी आणि अर्धा दिवस पुरे. फक्त पावसाच्या आधी.